टाकी फुल ते टाकी फुल: नव्या छोट्या पेट्रोल गाडीचं खरं ॲव्हरेज

‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ असं विचारलं की बहुतेक जण डॅशबोर्डवरचा आकडा सांगतात. माझी गाडी एक लिटरची, तीन सिलिंडर, पाच गिअरची मॅन्युअल पेट्रोल हॅचबॅक. कागदावरचा आकडा लिटरला २४ किलोमीटरच्या जरा वर, डॅशबोर्ड म्हणतो १८.३, आणि सहा टाक्या मोजून निघाले १६.७. या तिन्हींत खोटं कोणीच बोलत नाही. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय, एवढंच.

कागदावरचा आकडा चाचणीघरातला असतो. गाडी रोलरवर चढवायची आणि ठरवून दिलेल्या वेगांनी चालवायची: साधारण वीस मिनिटं, दहा-अकरा किलोमीटर, कमाल वेग ९०, एसी बंद. खड्डे नाहीत, चढ नाहीत, मागच्या सीटवर मंडळी नाहीत. दोन गाड्यांची तुलना करायला तो उत्तम आहे. महिन्याचा पेट्रोलखर्च त्यावरून काढायला गेलात तर फसाल. डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, किती वेळ उघडे राहिले यावरून काढलेला अंदाज असतो. आलेलं पेट्रोल लिटरच्या मापाने तिथे कोणी मोजत नाही.

म्हणून टाकी फुल ते टाकी फुल: टाकी पूर्ण भरायची, गाडी चालवायची, पुन्हा पूर्ण भरायची आणि मधल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागायचं. ऐकायला सोपं आहे, बिघडतं ते पंपावर. मी एकच पंप धरला, त्यावरचं एकच मशीन, आणि गाडी दर वेळी त्याच बाजूला, तोंड त्याच दिशेला. पंपाच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो. गाडी जरा कलली तरी टाकीच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकून राहते आणि नोझल लवकर कट होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. त्या एका फरकाने अर्धा लिटर सहज इकडेतिकडे होतो. पंचवीस लिटरच्या भरण्यात अर्धा लिटर म्हणजे २ टक्के.

कट झाला की थांबायचं. इथेच खरी झटापट. ‘साहेब, राउंड फिगर करतो’ म्हणत पंपावरच्या दादांचा हात पुन्हा नोझलकडे जातोच. म्हणून ‘झिरो बघा’ म्हणायच्या आधीच सांगायचं: ‘दादा, पहिला कट झाला की बस. किती रुपये होतील ते होऊ द्या.’ पैसे यूपीआयने दिले की सुट्ट्यांचा प्रश्नच उरत नाही. कट झाल्यावर ठोकून-ठोकून भरलं तर मोजणी जातेच, शिवाय जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊ शकतं. तो डबा पेट्रोलच्या वाफेसाठी असतो, द्रव पेट्रोलने ओला झाला तर खराब होतो.

माप कमी मिळतंय असं वाटलं तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागता येतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, म्हणजे अर्धा टक्का. ॲव्हरेज तीन किलोमीटरने पडलं असेल तर दोष पंपात शोधत बसू नये. ‘पहाटे भरा, गार पेट्रोल जास्त मिळतं’ हेही तसंच. दहा अंशांच्या फरकाने पेट्रोलचं आकारमान जेमतेम १ टक्क्याने बदलतं, आणि जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

पावतीवर लिटर दशांशात छापलेले असतात. त्याच पावतीच्या मागे ओडोमीटरचा, म्हणजे गाडी एकूण किती किलोमीटर चालली तो आकडा लिहायचा. पहिलं सर्व्हिसिंग होईपर्यंतचे हजार किलोमीटर मी हिशेबात धरलेच नाहीत. नव्या इंजिनात घर्षण जास्त असतं आणि त्या काळात गाडीही आपण बिचकत चालवतो. त्यानंतरची सहा भरणी अशी: ४०२ किलोमीटरला २५.१ लिटर, ३८८ ला २४.६, ४३१ ला २२.९, ३७९ ला २५.३, ४५५ ला २३.२, ४१० ला २४.४. एकूण २,४६५ किलोमीटर, १४५.५ लिटर, म्हणजे १६.९. ओडोमीटरही तपासला. महामार्गावरच्या पन्नास किलोमीटरच्या दगडांत तो ५०.६ दाखवत होता. ते वजा केलं की १६.७.

एकेका टाकीचं ॲव्हरेज १५ पासून १९.६ पर्यंत हललंय. दुसऱ्या कोणी फक्त पाचवी टाकी मोजली असती तर ‘माझी वीस देते’ म्हणून मोकळा झाला असता. ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढायची चूक तर सर्रास होते. ६० किलोमीटर १४ ने गेलात आणि ६० किलोमीटर २२ ने, तर उत्तर १८ येत नाही. ४.२९ आणि २.७३ मिळून ७.०२ लिटर जळले, म्हणून १७.१. किलोमीटरची बेरीज, लिटरची बेरीज, मग भागाकार.

१५ वाली टाकी मे महिन्यातली, जवळपास सगळी पुण्यातल्या कोथरूड ते मगरपट्टा रस्त्यावरची. एका फेरीचा हिशेब मांडून पाहा. १५ किलोमीटर, सरासरी वेग १८, म्हणजे ५० मिनिटं. त्यातली पंधरा मिनिटं सिग्नलला उभे, एसी चालू. छोटं इंजिन एसीसह उभ्या-उभ्या तासाला साधारण एक लिटर पितं, म्हणजे पाव लिटर तिथेच गेलं. बाकी वेळात ते १५ किलोमीटर १८ च्या ॲव्हरेजने गेलात तरी ०.८३ लिटर. एकूण १.०८, म्हणजे ॲव्हरेज १४ च्या आतच. आता गिअर कितीही जपून बदला, तो पाव लिटर वाचत नाही. सिग्नल दीड-दोन मिनिटांचा असेल तर इंजिन बंद करणं हाच उपाय. म्हणून डॅशबोर्डवर मी ॲव्हरेजच्या आधी सरासरी वेग बघतो. तो १८ असेल तर १४, ३० च्या पुढे गेला की १८, असा माझ्या गाडीचा ठोकताळा बसलाय.

डॅशबोर्ड एका कामाला मात्र चोख आहे: तुलना करायला. तो जास्त दाखवतो, पण दर वेळी साधारण तेवढंच जास्त. सातारा रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून, सपाट पट्ट्यात ८० ला तो २१ दाखवतो आणि १०० ला १८. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० ला दीडपटीहून जास्त. साठ किलोमीटरच्या प्रवासात वाचतात नऊ मिनिटं.

घाटाचा हिशेब तर लोक करतच नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. माणसांसकट ११०० किलोची गाडी मुंबईहून तेवढी वर उचलायची तर इंजिनाच्या कार्यक्षमतेसकट पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल निव्वळ चढण्यात जातं. जाताना डॅशबोर्डने २२.५ दाखवले, येताना १९. गाडीत काही बिघडलेलं नव्हतं. अशा प्रवासाचं ॲव्हरेज दोन्ही बाजू धरूनच सांगावं.

उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: गाडी गिअरमध्ये आणि पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला असेल, तर इंजेक्टर बंद होतात. चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, आणि ब्रेक तापतात ते वेगळं. म्हणजे घाटात न्यूट्रल हे धोक्याचंही आणि तोट्याचंही.

पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून मिश्रणात साडेसहा-सात टक्के ऊर्जा कमीच. इंजिन त्यासाठी बेतलेलं असेल तर प्रत्यक्ष घट याहून कमी राहते. चार-पाच वर्षांपूर्वीच्या गाडीच्या वहीशी आजचे आकडे ताडताना हे धरायला हवं.

हवेचं बघू. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब थंड टायरचा असतो. दहा किलोमीटर चालवून पंपावर पोचलात की तोच टायर तीन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दाखवतो. तिथे स्टिकरएवढा दाब करून घेतलात तर दुसऱ्या सकाळी टायर तेवढाच कमी असतो. खिशातला गेज घ्या आणि सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा. माझ्या गेजमध्ये आणि पंपावरच्यात दोन पीएसआयचा फरक निघाला, म्हणून पंपावर भरताना तेवढा हिशेब करूनच आकडा सांगतो.

वही चालूच आहे. रस्ता तोच, ऋतू तोच, आणि सलग दोन टाक्या दीड किलोमीटरने घसरल्या, तरच गाडीकडे बघायचं. आधी हवा, मग एअर फिल्टर, मग ब्रेक. ब्रेकसाठी मोकळ्या रस्त्यावर दहा किलोमीटर जायचं, शेवटी ब्रेक जवळजवळ न लावता गाडी थांबवायची आणि चारही चाकांजवळ हात न्यायचा. रिमला हात टेकवू नका, भाजेल. पुढची दोन एकमेकांशी, मागची दोन एकमेकांशी ताडायची. जोडीतलं एकच चाक जास्त धगधगत असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय.