जुनी बॉइंक खाती एका ओळखीखाली आणताना

बॉइंक ही घरच्या संगणकाची रिकामी क्षमता वैज्ञानिक प्रकल्पांच्या गणनेसाठी देण्याची प्रणाली आहे. तिच्यावरील आइन्स्टाइन ॲट होममध्ये दोन, रोझेटा ॲट होममध्ये एक आणि मिल्कीवे ॲट होममध्ये एक अशी माझी चार खाती तीन ईमेल पत्त्यांवर विखुरलेली होती, त्यामुळे सर्व प्रकल्पांच्या एकत्रित आकडेवारीत मी तीन वेगवेगळ्या व्यक्ती म्हणून दिसत होतो. ती एकत्र आणण्याचे काम आता बरेच पुढे गेले आहे.

सर्वांत कठीण होते आइन्स्टाइनचे जुने खाते. ते ज्या पत्त्यावर उघडले होते, ती ईमेल सेवाच बंद पडल्याने पासवर्ड बदलण्याचा दुवा मिळणे शक्य नव्हते. सुदैवाने जुन्या संगणकाची हार्ड डिस्क मी जपून ठेवली होती. तिच्यावरील बॉइंकच्या डेटा फोल्डरमध्ये प्रत्येक प्रकल्पासाठी 'अकाउंट' या शब्दाने सुरू होणारी एक एक्सएमएल फाइल असते. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडल्यावर 'ऑथेंटिकेटर' या खुणेमध्ये ३२ अक्षरांची खातेकिल्ली दिसली. ती किल्ली देऊन प्रवेश मिळतो आणि नवा पत्ता व पासवर्ड ठरवता येतो. जुनी डिस्क पुसण्यापूर्वी या फाइली आवर्जून बाजूला काढून ठेवाव्यात, कारण पत्ता हातचा गेल्यावर तीच आपली खरी ओळख उरते.

एकाच प्रकल्पातील दोन खात्यांचे क्रेडिट, म्हणजे केलेल्या गणनेबद्दल मिळालेले गुण, मात्र एकमेकांत मिळवता येत नाही, आणि एक ईमेल पत्ता दोन खात्यांना देताही येत नाही. जुन्या खात्यात क्रेडिट कितीतरी जास्त असल्याने तेच मुख्य ठेवायचे ठरवले. त्यासाठी आधी नव्या खात्याला दुसरा पत्ता देऊन माझा चालू पत्ता मोकळा केला आणि मग तो जुन्या खात्याला लावला. नव्या खात्यावरचे संगणकही जुन्या खात्याला जोडले. मागे राहिलेले क्रेडिट तसेच वेगळे राहणार, हे मी मान्य केले आहे. परग्रहावरील बुद्धिमान सजीवांचा शोध घेणाऱ्या सेटी ॲट होम या प्रकल्पाचा मूळ टप्पा डिसेंबर २००५ मध्ये संपला तेव्हाही जुन्या कार्यघटकांची, म्हणजे पूर्ण केलेल्या कामाच्या तुकड्यांची, संख्या क्रेडिटमध्ये न मिळवता खात्यावर स्वतंत्रपणे दाखवली गेली. ती पद्धत मला प्रामाणिक वाटते.

प्रकल्पांमधील सामाईक ओळख, म्हणजे सीपीआयडी, ईमेल पत्त्यावर आधारलेली असते. पत्ता सगळीकडे एकच केल्यावर किमान एक संगणक तिन्ही प्रकल्पांना जोडलेला असावा लागतो, कारण संगणकावर चालणारा बॉइंकचा प्रोग्राम, म्हणजे क्लायंटच, एका प्रकल्पाची ओळख दुसऱ्याच्या सर्व्हरपर्यंत नेतो. पहिल्या प्रयत्नात मी रोझेटाच्या पत्त्यात एक अक्षर चुकवले होते आणि दोन दिवस ओळख का जुळत नाही, हे उमगत नव्हते.

संगणकांच्या यादीची सफाईही याच वेळी उरकली. ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा टाकल्यामुळे एकच यंत्र तीनदा नोंदले गेले होते. प्रोसेसर जुळत असेल आणि नोंदींचे काळ एकमेकांवर येत नसतील, तर त्या एकत्र करता येतात आणि त्यांच्या क्रेडिटची बेरीज होते. दोन नोंदी जुळल्या. तिसरीत प्रोसेसर बदललेला असल्याने ती तशीच राहिली.

आइन्स्टाइन आणि रोझेटा आता एकाच सीपीआयडीवर आहेत. मिल्कीवेची ओळख अजून जुनीच दिसते. क्लायंटमधून तिन्ही प्रकल्प पुन्हा अपडेट केले आहेत आणि प्रकल्पांकडून एकत्रित आकडेवारीसाठी होणाऱ्या पुढच्या निर्यातीची वाट पाहतो आहे.