गोफणवाले आणि रात्रीची लाईन

या आठवड्यात पंपाची थ्री फेज लाईन रात्रीची. हरभऱ्याचं ओलीत, वरून रोह्यांची (नीलगायींची) जागल. म्हणून सलग दुसरी रात्र शेतात. दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाईप बदलायचे. मधल्या वेळात झोपडीत 'रोम: टोटल वॉर' या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळाचा 'युरोपा बार्बारोरम' हा मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बदलून केलेली आवृत्ती, लावून बसतो. मूळ खेळ २००४ चा, त्यामुळे माझ्या जुन्या डबड्यावरही चालतो.

खेळ सुरू होतो इ.स.पू. २७२ मध्ये. मी कार्थेज घेतलंय, उत्तर आफ्रिकेतलं, रोमचं वैरी राज्य. जिंकलेल्या मुलखात आपली सत्ता घट्ट बसवली की आपले शिपाई मिळतात. सैल सोडली, तिथलाच राजा मांडलिक म्हणून ठेवला, तर तिथली माणसं जास्त भरती होतात. मी सैलच सोडतो. आपल्या कौटिल्यानं सहा प्रकारच्या सैन्यांत अटवीबल, म्हणजे रानातले लोक, सगळ्यात शेवटी ठेवलं. लुटीसाठी येतात म्हणे. त्याला स्पेनजवळच्या बालेआरिक बेटांवरचे गोफणवाले भेटले नव्हते!

त्यांच्या दोन तुकड्या बेटांवरून सिसिलीत नेल्या. रोमनांच्या रांगा अशा फोडल्या की मी एकटाच ओरडलो. पण निम्मे मेले, आणि या खेळात तुकडी भरून काढायची तर जिथं तसे शिपाई मिळतात तिथंच न्यावी लागते. म्हणजे परत जहाज, परत बेट. वर्षाला चार चाली; जाऊन-येऊन हंगाम गेला.

अकराला बाबा चहा घेऊन आले. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "काय करून रायला बे?"

सांगितलं.

"इथं कापूस वेचाले बाया भेटून नाई रायल्या, अन् तू जहाजानं मानसं आनून रायला!"

खरंच आहे. बाजूच्या गावच्या बाया येतात, पण ऑटोचं भाडं आपल्याकडून. हिशेब शनिवारी, बाजाराच्या आधी. मागच्या वर्षी आम्ही एक आठवडा लांबवला, तर पुढच्या सोमवारी ऑटो दुसऱ्याच धुऱ्यावर थांबला. कार्थेजनं हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं: इ.स.पू. २४१ ला रोमशी हरल्यावर भाडोत्री सैन्याची थकबाकी टाळत बसले, तर तेच सैन्य उलटलं. तीनेक वर्षं घरातच लढाई.

डायोडोरस या जुन्या ग्रीक इतिहासकारानं लिहिलंय की बालेआरिक माणूस तीन गोफणी बाळगायचा: एक डोक्याला, एक कमरेला, एक हातात. पोरानं भाकरीवर नेम मारल्याशिवाय आई ती खाऊ देत नसे. हे बाबांना सांगितलं. ते उठले, आढ्याला टांगलेली गोफण काढली. ज्वारी होती तेव्हाची, पाखरं हाकलायची. गरकन फिरवून सोडली; दगड अंधारात कुठं गेला दिसला नाही, पण नाल्याकडून काहीतरी धाडधाड पळालं.

मग मी फिरवली. दगड मागं टिनावर पडला.

दोन वाजता लाईन गेली. गोफणवाले अजून जहाजातच आहेत. दोन पाईप कोरडे राहिले.