आमची वाटचाल : दुधाच्या वेळेवर चालणारी क्वेरी

2016 साली कोल्हापुरात दोन टेबलांवर आम्ही सुरुवात केली. गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर बनवायचं, एवढंच काम. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर आणि दहा दिवसांचं बिल. संस्था वाढत गेल्या, तशी सगळी माहिती आम्ही बिगक्वेरी या गूगलच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये नेली.

संस्थेच्या सचिवांना मोबाइलवर ताजे आकडे दिसावेत म्हणून दर 15 मिनिटांनी आपोआप चालणारी क्वेरी, म्हणजे साठवलेल्या माहितीतून आकडे काढणारी आज्ञा, लावली. दिवसाला 96 वेळा. आमच्या योजनेत पैसे लागतात ते क्वेरीने किती माहिती वाचली यावर, आणि आमची क्वेरी दर खेपेला 20 जीबीचं अख्खं टेबल वाचायची. रोज जवळपास 2 टेराबाइट! महिन्याचा पहिला 1 टेराबाइट मोफत असतो, तो पहिल्याच दिवशी दुपारी संपायचा. बिल एका मुलाच्या पगाराएवढं आलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

आधी लिमिट 100 लावून पाहिलं. बिल हललं नाही. लिमिटने निकालाच्या ओळी कमी होतात, आमच्या टेबलाचं वाचन तेवढंच राहतं.

एक सचिव ऑफिसात आले होते. ते सहज म्हणाले, "साहेब, दूध दोनदाच येतंय, मग पाव तासाला बघताय काय?" तिथेच उत्तर होतं. क्वेरी सकाळी साडेदहा आणि रात्री साडेनऊ अशी दोनदाच ठेवली. टेबलाचे संकलनाच्या तारखेनुसार पार्टिशन, म्हणजे वेगवेगळे कप्पे, केले, तारखेची अट नसलेली क्वेरी चालूच नये अशी सक्ती लावली आणि लागतील तेवढेच कॉलम घेतले.

फक्त आजचा दिवस वाचला असता तर आणखी पैसे वाचले असते, पण ते मी होऊ दिलं नाही. लाइट गेली की काही गावांची नोंद दुसऱ्या दिवशी येते. ती सुटली तर कुणाच्या तरी दोन म्हशींचं दूध बिलातून गळेल. म्हणून दर वेळी मागचे तीन दिवस पुन्हा वाचतो. एवढं करूनही महिन्याचं वाचन मोफत मर्यादेत बसतं.

गूगलचा बजेटचा इशारा फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. त्यामुळे रोजच्या वाचनाचा कोटाही बांधून घेतला.

आता पशुखाद्याच्या उधारीची कपात जोडतोय. तिची क्वेरी 1, 11 आणि 21 तारखेला पहाटेच चालेल, बिलं निघायच्या आधी.