उन्हात न उजळणारा पॅच

गेल्या एप्रिलमध्ये एका जुन्या लायका एम-सिक्स कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) सुधारून घेतलेला आहे, असा निर्वाळा मी दिला आणि तो चुकीचा ठरला. फोर्टमध्ये बोरा बाजाराजवळच्या आमच्या खोलीवजा वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे कॅमेरे उघडल्यानंतर माझ्याकडून अशी चूक व्हावी, हे मला अजून पचलेले नाही.

पुण्याहून आलेली एक तरुणी तो कॅमेरा घेणार होती आणि विक्रेता तिच्यासोबत होता. आम्ही शटरचा वेग यंत्रावरच मोजत असणार, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात आधी एक सेकंदाचा वेग लावून कान द्यायचा असतो, आणि आतल्या चक्रांची घरघर मध्येच अडखळली नाही, तर निम्मी तपासणी तिथेच उरकते. या कॅमेऱ्याची घरघर सुरेख होती. प्रश्न फाइंडरचा होता, कारण विक्रेत्याने ‘एमपी फाइंडर बसवलेला’, म्हणजे लायकाच्याच पुढच्या एमपी मॉडेलचा सुधारित फाइंडर आत आहे, म्हणून पंचवीस हजार रुपये वर मागितले होते.

हे प्रकरण थोडे समजून घ्यावे लागेल. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात फाइंडरच्या मध्यभागी एक उजळ चौकोन दिसतो. त्यातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस जुळला. आमच्याकडे सगळे त्याला पॅच म्हणतात. लायकाच्या जुन्या एम कॅमेऱ्यांत या प्रकाशाच्या वाटेवर एक लहान कंडेन्सर, म्हणजे प्रकाश एकवटणारे, भिंग असे. पुढे ते गाळले गेले आणि 1984 साली आलेल्या एम-सिक्सला तसाच काटकसरीचा फाइंडर मिळाला. त्यामुळे ऊन तिरपे समोरून आले आणि डोळा जरासा मध्यापासून सरकला की पॅच दुधासारखा पांढरा पडतो आणि फोकस जुळवणे अशक्य होते. 2003 च्या एमपीमध्ये भिंग परत आले, खिडक्यांच्या काचांना लेप चढवला गेला, आणि तो सुधारित फाइंडर जुन्या एम-सिक्समध्येही बसवून घेता येऊ लागला. असे काम झालेल्या जेवढ्या बॉडी माझ्या हातून गेल्या, त्यांपैकी एकीवरही बाहेरून तशी खूण नव्हती. पुरावा म्हणजे सर्व्हिसची पावती, आणि पावती जपणारा माणूस सहसा कॅमेरा विकत नाही.

विक्रेत्याकडे पावती नव्हतीच, शिवाय एमपी फाइंडर म्हणजे 0.85 पटीचा, म्हणजे दृश्य तेवढ्या पटीत दाखवणारा, फाइंडर, असाही त्याचा समज होता. ऑनलाइन जाहिराती वाचून शिकलेल्यांचा हा गोंधळ मला नवा नाही. पट आणि सुधारणा यांचा काही संबंध नाही. पट ओळखायला फ्रेम, म्हणजे त्या त्या लेन्सला दिसणारा भाग दाखवणारी चौकट, बदलण्याचा लिव्हर फिरवावा, 0.72 मध्ये 28 आणि 90 मिलिमीटर लेन्सच्या चौकटी एकत्र दिसतात, 0.85 मध्ये 28 ची चौकटच नसते. मी लिव्हर फिरवला, 28 ची चौकट दिसली, ‘हा साधा 0.72 आहे’ असे त्याला जरा चढ्या आवाजातच सांगितले आणि लिव्हर सोडून दिला.

मग काचा पाहिल्या. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब समोरच्या खिडकीत पांढरेच दिसत होते, लेपाची रंगीत छटा कुठेच नव्हती. ही शंकेची जागा होती. पण बाहेरच्या काचा न बदलता आत नुसते भिंग बसवता येते, म्हणून केवळ काचांवरून नकार देणे मला न्याय्य वाटले नाही. आम्ही तिघे खाली फुटपाथवर गेलो. चारचे ऊन होते. मी सूर्य उजव्या खांद्याच्या पुढे राहील असा उभा राहिलो आणि डोळा हळूहळू चारही बाजूंना सरकवून पाहिला. पॅच उजळला नाही. एकदाही नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाचा दुसरा एम-सिक्स आणून त्याच जागी उभे राहून पाहिले, तर त्याचा पॅच लगेच पांढरा पडला. इतका स्पष्ट फरक दिसल्यावर मी मुलीला म्हणालो, “काम झालेले आहे, घ्या.”

पावसाळ्यानंतर ती कॅमेरा घेऊन परत आली, कारण तो टेबलावरून पडून पॅचमधली प्रतिमा वरखाली सरकली होती. एवढ्यासाठी पुढचा लाल ठिपका काढून आतला स्क्रू फिरवला की भागते, पण मार लागला होता म्हणून मी टॉप कव्हर उतरवले. भिंगाची जागा रिकामी होती. चौकटींना प्रकाश देणाऱ्या मधल्या धुरकट खिडकीच्या आतल्या बाजूला मात्र काळ्या टेपची एक पट्टी, चार मिलिमीटर रुंद, नखाने दाबून बसवावी तशी चिकटवलेली होती. पॅच पांढरा करणारा भरकटा प्रकाश बराचसा याच खिडकीतून येतो. ती अर्धवट झाकली की पॅच शहाण्यासारखा वागतो, पण चौकटींचा एखादा भाग अंधारा पडतो. मी पट्टी काढण्याआधी लिव्हर फिरवून पाहिले. 28 च्या चौकटीची एका अंगाची रेघ जेमतेम दिसत होती. एप्रिलमध्येही ती तशीच असणार. ती आहे की नाही एवढेच मी पाहिले होते, कशी आहे हे पाहिले नव्हते.

मी तिला सगळे दाखवले आणि तपासणीचे घेतलेले पैसे परत देऊ केले. तिने ते घेतले नाहीत. “पण काका, मला तर नीट दिसतं. मी पन्नासचीच लेन्स लावते. ती पट्टी परत चिकटवता येईल का?” असे तिने विचारले. वस्तुतः तिचे म्हणणे बरोबर होते, आणि ज्याने ती पट्टी लावली त्याने निदान वापरणाऱ्याची सोय पाहिली होती. फसवणूक विकणाऱ्याने केली की त्यालाही कोणी तसेच सांगून विकले होते, हे मला ठरवता येत नाही.

मी नवी पट्टी कापून बसवली, प्रतिमा जुळवली आणि बिलावर शाईने लिहिले: ‘कंडेन्सर भिंग नाही. मधल्या खिडकीला आतून पट्टी.’ तिने ते वाचले आणि हे लिहायलाच हवे का, असे विचारले. मी हो म्हणालो. बिलाची घडी घालून तिने ती पर्समध्ये ठेवली, कॅमेऱ्याच्या पेटीत नाही.