हबच्या कडेवरचा तेलाचा थेंब

कोकणातल्या एका रासायनिक कारखान्यात मी फिरत्या यंत्रांच्या देखभालीचे काम पाहतो. टर्बाइनवर चालणाऱ्या आमच्या कॉम्प्रेसरच्या शाफ्टवर कपलिंगचा, म्हणजे दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाचा, हब बसतो, त्याला चावी (हब शाफ्टवर फिरू नये म्हणून घालतात ती धातूची पट्टी) नाही आणि चावीची खाचही नाही, हे बाहेरच्या माणसाला सहसा खरे वाटत नाही. ७५ मिलिमीटर व्यासाच्या, १:२४ उताराच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या भागावर, तो केवळ आवळून बसलेला असतो आणि सगळा टॉर्क (फिरवणारा जोर) घर्षणावर पेलला जातो. बसवताना हब आणि शाफ्ट यांच्यामध्ये हातपंपाने तेल दाबून भरायचे, त्या दाबाने हब किंचित फुगला की हायड्रॉलिक नटाने त्याला टेपरवर पुढे रेटायचे, हब किती सरकला ते दाखवणाऱ्या डायल गेजवर ३.६ मिलिमीटर दिसले की मधल्या तेलाचे प्रेशर सोडायचे आणि ते तेल निघून जाईपर्यंत नटाचे प्रेशर तसेच धरून थांबायचे. हे थांबणे आमच्या शटडाऊनच्या वेळापत्रकात वेगळे काम म्हणून कधीच लिहिलेले नसे, आणि त्या व्यवस्थेचा हा सर्वांत मोठा दोष होता, असे माझे ठाम मत आहे.

जानेवारीतल्या त्या शटडाऊनमध्ये जुना हब उतरवून नवा बसवायचा होता. त्याआधीचे दोन दिवस मी ब्लू मॅचिंगवर, म्हणजे हब शाफ्टला किती भागात टेकतो ते निळ्या रंगाच्या ठशाने तपासण्यावर, घालवले होते. हब थेट शाफ्टवर घासण्याची चूक आम्ही करत नाही. त्यासाठी लॅपिंगच्या (बारीक घासून गुळगुळीत करण्याच्या) प्लगची आणि रिंगची वेगळी जोडी असते. शाफ्टला प्रशियन ब्लूचा पातळ हात द्यायचा, हब हलकेच टेकवून ठसा घ्यायचा, उंचवटे उतरवायचे आणि पुन्हा ठसा घ्यायचा. ८५ टक्के स्पर्श पुरेसा असताना मी ९५ टक्क्यांपर्यंत गेलो. हबची आतली बाजू आरशासारखी झाली होती, विशेषतः दोन्ही कडांना, आणि मला तिचा फार अभिमान वाटत होता.

पहाटे चारच्या सुमारास हब जागेवर बसला. तेलाचे प्रेशर सोडून पाऊण तास झाला असेल, तेव्हा ऑपरेशनचे शिफ्ट इनचार्ज आमच्या डोक्यावर येऊन उभे राहिले होते. आमचे ज्येष्ठ फिटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते हबच्या कडेशी बॅटरी धरून बसले होते. कडेवर तेलाची एक बारीक रेघ उमटत होती. काका ती फडक्याने पुसत आणि काही मिनिटांनी ती पुन्हा दिसे. खालच्या बाजूला तिचा थेंब होई.

“साहेब, अजून पाझरतंय. आणखी थांबू या,” ते म्हणाले.

हब पुढे-मागे सरकत नव्हता, डायलचा काटा स्थिर होता. मी नट सोडायला सांगितले.

पूर्ण भारावर गेल्यावर वीस मिनिटांत कंपन चढले आणि यंत्र ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले. कव्हर उघडले तेव्हा शाफ्टवरची आणि हबवरची खुणेची रेघ एकमेकींपासून जवळजवळ ४ मिलिमीटर सरकली होती. हब उतरवल्यावर दोन्ही कडांना धातू धातूला चिकटून ओरबाडल्याचे पट्टे दिसले. मधल्या भागात मात्र बोटाच्या पेराएवढे काही डाग कोरे करकरीत होते. लॅपिंगच्या बारीक रेषाही तिथे शाबूत होत्या आणि बोट फिरवले की तेल लागत होते.

या डागांचा विचार मी त्यानंतर फार केला आहे. कितीही घासले तरी पृष्ठभागावर शिखरे आणि दऱ्या उरतातच. प्रेशर सोडल्यावर उरलेले तेल निघून जाते ते या एकमेकींना जोडलेल्या दऱ्यांतून. पण हबच्या टोकांशी दाब सर्वांत जास्त असतो, त्यामुळे कडा आधी मिटतात. फट निम्मी झाली की तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून वाहणारे तेल एक अष्टमांशावर येते, शिवाय त्या दाबाखाली तेल स्वतःही कित्येक पटींनी घट्ट होते. अखेरीस वाटा बंद होतात आणि मधल्या डबक्यांत तेल कोंडले जाते. कोंडलेले तेल सहजासहजी दबत नाही. आमच्या हबखाली सरासरी १,२०० बारच्या आसपास दाब होता, त्याचा मोठा वाटा त्या डबक्यांनी उचलला. तेलाने उचललेला भार धातूच्या शिखरांवर येत नाही, आणि पकड असते ती शिखरांची. तेल सहज सरकते. हिशेबात आम्ही घर्षणगुणांक ०.१५ धरला होता, पण तो फक्त धातूवर टेकलेल्या भाराला लागू होता. तेलाने एक तृतीयांश भार उचलला असेल, तर पकडही जवळजवळ तेवढीच घटली असणार.

चौकशीच्या अहवालात ‘पुरेसा वेळ न दिल्यामुळे’ एवढेच लिहिले गेले. ते खरे आहे, पण अपुरे आहे. हब उतरवण्यासाठी घट्ट तेल लागते आणि बसवण्यासाठी पातळ. त्या रात्री जुना हब काढलेलाच पंप न धुता वापरला गेला, त्यामुळे आत गेलेले तेल मिश्र होते आणि पहाटेच्या गारव्यात ते आणखी मंदावले. स्टोअरने दुसरा पंप द्यावा म्हणून मी तीन वेळा लिहिले होते. ऑपरेशनच्या घाईला मी तितका दोष देत नाही, कारण नट सोडायचा निर्णय माझा होता. मला खुपते ते माझे लॅपिंग. कडा इतक्या गुळगुळीत केल्या नसत्या, तर तेलाच्या वाटा आणखी काही वेळ उघड्या राहिल्या असत्या का? काका म्हणतात, राहिल्या असत्या. हब बनवणाऱ्यांचे अभियंते म्हणतात, जास्त स्पर्श कधीही चांगलाच. दोघांचे म्हणणे मला पटते आणि म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

आता दोन पंप आहेत, त्यांना वेगवेगळे रंग दिले आहेत, आणि नट निदान दोन तास धरून ठेवायचा, कड तासभर कोरडी राहिल्याशिवाय सोडायचा नाही, अशी नोंद कामाच्या कागदावर आली आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या यंत्राचा हब बसवला, तेव्हा ८८ टक्के ठसा आल्यावर मी लॅपिंग थांबवले. काका तीन तास बॅटरी घेऊन बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी.