गेटबाहेर थेट ट्रक

"अगं, आधी गेटबाहेर पडलं की सर्व्हिस रोड होता. आता थेट ट्रकच!"

ठाण्यात कासारवडवलीला रस्त्याकडेला उभे असलेले आजोबा आज मला म्हणाले. हातात औषधांची पिशवी, चपलांवर सिमेंटची पांढरी धूळ. कुणी गाडी थांबवेना. शेवटी हात धरूनच आम्ही पलीकडे गेलो.

घोडबंदर रोडचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिळवायचं काम चाललंय. मधोमध मेट्रो ४चे खांब, त्यात जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर. रस्ता रुंद व्हायलाच हवा, रोज कोंडीत मीही अडकते. पण सर्व्हिस रोडवर रिक्षा मिळायची, स्कूलबस लागायची, भाजीवाला गाडी लावायचा.

हे सगळं आता कुठे जाणार? चालणाऱ्यांसाठी किती फूट राखून ठेवलेत, कुणाला माहीत आहे का?