आधी काय घडलं, ते सांग

इंदूरच्या आपल्या शाळेत इंग्रजी सहावीपासून सुरू व्हायचं. घरी मराठी, गल्लीत नि सराफ्यात हिंदी, आणि इंग्रजी फक्त त्या एका तासापुरतं. आठवीत आम्हाला ज्या बाई लाभल्या, त्यांनी वर्षभर मुख्यतः एकच गोष्ट शिकवली: क्रियापदाचा काळ. बाकीचं व्याकरण त्यांनी भराभर उरकलं. आज भंवरकुआंच्या परिसरात बँकेच्या आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना बरीच वर्षं इंग्रजी शिकवल्यावर मी ठामपणे म्हणतो, बाईंचं बरोबर होतं.

गाळलेली जागा भरा, कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप लिहा, वाक्यातली चूक शोधा. प्रश्नाचा वेश बदलतो, विचारायचं तेच असतं. खजुरी बाजारात मिळणाऱ्या गाइडांनी त्यावर तोडगा काढून ठेवला होता आणि तो अजून चालतो: ‘यस्टरडे’ दिसलं की सिंपल पास्ट, ‘सिन्स’ दिसलं की ‘हॅव बीन’, ‘नाऊ’ दिसलं की आयएनजी. बाईंना या खुणांचा राग नव्हता, पण खूण नसलेलं वाक्य आलं तर काय करशील, असं त्या विचारायच्या. मग फळ्यावर एक आडवी रेघ ओढायच्या. “आधी काय घडलं, ते सांग. बोलणारा कुठे उभा आहे, ते सांग. मग क्रियापदाला हात लाव.”

त्यांची वाक्यं गाइडातली नसत, इंदूरची असत. “वेन अहिल्याबाई टुक ओव्हर द स्टेट इन १७६७, शी … हर हजबंड, हर फादर-इन-लॉ अँड हर सन.” रिकाम्या जागी ‘लूज’चं रूप हवं. रेघेवर बाईंनी एकेक वर्ष मांडलं. खंडेराव कुंभेरच्या वेढ्यात गेले १७५४ मध्ये, मल्हारराव १७६६ मध्ये, मालेराव १७६७ मध्ये. आणि त्या तिघांच्या उजवीकडे, राज्यकारभार हाती घेणं. म्हणजे ‘हॅड लॉस्ट’. कारभार हाती घेताना अहिल्याबाईंच्या मागे काय काय होऊन गेलं होतं, ते सगळं त्या ‘हॅड’मध्ये मावतं, हे मला तेव्हा कळलं आणि पास्ट परफेक्ट, म्हणजे ‘हॅड’वाला काळ, कायमचा माझा झाला.

पण बाई तिथे थांबल्या नाहीत. लगेच दुसरं वाक्य: “खंडेराव डाइड इन १७५४ अँड मल्हारराव डाइड इन १७६६.” इथे ‘हॅड’ कुठेच नाही. घटना घडल्या त्याच क्रमाने सांगितल्या आहेत, मागे वळून पाहावं लागत नाही. फार जुनं म्हणजे ‘हॅड’, हा समज माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये आजही पक्का बसलेला असतो. जुनेपणाचा इथे संबंधच नाही. सांगणारा एका घटनेपाशी उभा राहून तिच्याही आधीचं काही सांगतो, तेव्हा ‘हॅड’ लागतो.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी प्रेझेंट परफेक्टला, म्हणजे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लागणाऱ्या काळाला दिला. इंदूरच्या होळकर संघाने क्रिकेटचा रणजी करंडक चार वेळा जिंकला, पहिल्यांदा १९४५-४६ मध्ये, शेवटचा १९५२-५३ मध्ये. बाईंनी चार वेळा जिंकल्याचंच वाक्य दिलं, त्यात ‘विन’चं रूप भरायचं होतं. वाक्यात वर्ष दिलेलं नव्हतं म्हणून आम्ही सगळ्यांनी ‘हॅव वन’ लिहिलं. बाईंनी विचारलं, “तो संघ आज आहे का? उद्या पाचव्यांदा जिंकेल का?” नाही. मग ‘वन’. प्रेझेंट परफेक्टचं खातं उघडं असावं लागतं, त्यात अजून भर पडण्याची सोय हवी. या वाक्याला मी आता एक जोड देतो. मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून २०२२ मध्ये रणजी जिंकली, आणि आपला संघ खेळतो आहे. म्हणून ‘मध्य प्रदेश हॅव वन द रणजी ट्रॉफी’ बरोबर. पण शेवटी ‘इन २०२२’ जोडलं की ‘हॅव’ गळलाच पाहिजे.

लता मंगेशकर इंदूरमध्ये जन्मल्या, १९२९ साली. बाईंचं एक वाक्य होतं, “लता मंगेशकर हॅज संग इन मेनी लँग्वेजेस.” ६ फेब्रुवारी २०२२ ला त्या गेल्या, त्यानंतर ते मला वर्गात तसं लिहिता येत नाही. आता ‘सँग’ लिहितो.

इंदूरच्या मराठी मुलाची एक खास अडचण बाईंनी ओळखली होती. मराठीत आपण ‘भाऊ कालच आला आहे’ सहज म्हणतो. इंग्रजीत ‘यस्टरडे’बरोबर ‘हॅज कम’ चालत नाही, ‘केम’च लागतं. ‘आम्ही कितीतरी वर्षांपासून रामबागेत राहतो’ यात आपला वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला ‘हॅव लिव्हड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवं. आणि शर्तीच्या वाक्यात तर आपल्याकडे दोन वाटा. घरी ‘पाऊस आला तर’, बाहेर ‘बारिश होगी तो’. पहिलीने गेलेला मुलगा भूतकाळ लिहितो, दुसरीने गेलेला ‘इफ इट विल रेन’. उद्याच्या सामन्याबद्दल बोलायचं असेल तर हवं असतं ‘इफ इट रेन्स’. बाई म्हणायच्या, मनातलं वाक्य आधी मराठीत नीट बघा, मग ते बाजूला ठेवा.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. ‘आय … माय होमवर्क’, आणि पर्याय ‘डिड’ व ‘हॅव डन’. संदर्भ नाही, वेळ नाही, बोलणारा कुठे उभा आहे त्याचा पत्ता नाही. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, तरी एकालाच गुण मिळतो आणि विचार करणारं मूल तो गमावतं. असे प्रश्न मी पुष्कळ पाहिले आहेत. प्रश्न काढणाऱ्याने एक वाक्य आधीचं द्यावं, एवढंच लागतं: ‘कॅन आय गो आउट अँड प्ले नाऊ?’ लगेच ‘हॅव डन’ ठरतं.

शाळेच्या महोत्सवाच्या निमित्ताने बाईंच्या पद्धतीने बेतलेल्या प्रश्नांचा एक संच मी शाळेच्या ग्रंथालयात देतो आहे. वाक्यं इंदूरची आहेत, प्रत्येक उत्तरामागचं कारण मराठीत लिहिलं आहे. आठवी-नववीला इंग्रजी शिकवणाऱ्यांनी तो जरूर वापरावा, आपली वाक्यं त्यात घालावीत, आणि जिथे दोन काळ बरोबर बसतात तिथे दोन्हींना पूर्ण गुण द्यावेत.